गिरणीच्या भिंतीवरची लाल रेघ

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी गोव्यात वाळवंटी नदीच्या काठी, डिचोली तालुक्यातल्या एका गावात पिठाची गिरण चालवतो. बापाने घातली, मी चालवतो. पोरगा चालवणार नाही म्हणतो आणि गेल्या रविवारनंतर मीही त्याला आग्रह करणार नाही.

रविवारी पहाटे चारला पाणी आत शिरले. मोटर उचलायला दोघे लागतात, मी एकटा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर, त्यामुळे लोकांची दळणे रांगेने ठेवलेली. बॅटरी मारली तर डबे तरंगत एकमेकांवर आपटत होते आणि नावांच्या चिठ्ठ्या सुटून गेलेल्या. कुणाचा डबा कुठला, मलाच सांगता येईना. शेजारच्या काकींनी मोदकांसाठी तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दिले होते. "असू दे रे बाबा," म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

पण पत्र मोटरसाठी नाही, भिंतीवरच्या लाल रेघेसाठी आहे.

२३ जुलै २०२१ चा पूर आठवत असेल. सरकारनेच त्याला १९८२ नंतरचा सर्वांत मोठा म्हटले होते. त्यानंतर दोन तरुण तिपाईवरचे यंत्र घेऊन आले, पाण्याचा डाग कुठवर होता ते विचारले आणि माझ्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटने रेघ ओढून गेले. मी त्यांना चहा पाजला. पुढे सभेत व्यासपीठावरून सांगण्यात आले की, येत्या पावसाळ्याआधी सर्व्हे नंबरवार पूररेषेचा नकाशा पंचायतीत लागेल. त्यानंतर किती पावसाळे गेले ते आपणच मोजा. पंचायतीच्या भिंतीवर अजून कॅलेंडरच आहे. रविवारचे पाणी त्या रेघेच्या वीतभर वर होते.

पाऊस जास्त पडला, हे कृपा करून सांगू नका. सव्वाशे इंच पाऊस पाहत आम्ही म्हातारे झालो. गिरणीच्या खाली शेत होते. सत्तरीच्या डोंगरातून पाणी उतरते आणि त्याच वेळी पुढच्या मांडवी नदीला भरती असली की वाळवंटी मागे तुंबते. ओहोटी लागेपर्यंत पाण्याला बसायला जागा लागते, ती जागा म्हणजे ते शेत. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिथे रात्रीचे टिपर यायला लागले. दहा हजार चौरस मीटर तर नक्की भरले. मीटरभर पाण्याचा हिशेब केला तरी एक कोटी लिटर, म्हणजे दहा हजारी एक हजार टँकर. ते पाणी कुठे जाईल, हे कळायला इंजिनियर लागत नाही. आता तिथे पत्र्याचे कुंपण आणि फलक: 'नदीकिनारी निवांत घर'. आम्हाला नदी स्वयंपाकघरात मिळाली, तीही फुकट.

नगरनियोजन कायद्यात कलम १७ अ आहे. लेखी परवानगीशिवाय डोंगर कापायचा नाही, सखल जमीन बुजवायची नाही. परवानगी होती का, हे विचारायला तीन कार्यालये हिंडलो. तिसऱ्यात कळले, साहेब साइटवर आहेत. कुठल्या साइटवर, ते विचारायचा धीर झाला नाही.

केंद्राने पूरमैदानांच्या वापराबद्दलचे नमुना विधेयक १९७५ साली राज्यांना पाठवले. कुठे काय बांधावे याचा साधा क्रम ठरलेला आहे: इस्पितळ, वीजकेंद्र शंभर वर्षांच्या पुराच्या वर, राहती घरे पंचवीस वर्षांच्या पुराच्या वर, आणि वारंवार बुडते तिथे बाग, मैदान. मणिपूरने १९७८ मध्ये कायदा केला, राजस्थानने १९९० मध्ये, उत्तराखंडने २०१२ मध्ये. शेजारी महाराष्ट्रात निळी (पंचवीस वर्षांच्या पुराची) आणि लाल (शंभर वर्षांच्या पुराची) रेषा आखतात. (पाळतात किती, ते २०१९ ला कोल्हापूरने पाहिले. पण आखतात तरी.) आमच्या वाट्याला गिरणीवरची एक रेघ.

आणि शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांनी येणारा, असे कुणी बिल्डर सांगत असेल तर ते खोटे. दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जात ती साधारण चारात एक होते. त्या निवांत घरांत कर्ज काढून येणारी मुंबई-पुण्याची पोरे पुढे माझ्यासारखीच पहाटे चारला उठणार आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही.

भांडण तुमच्याशी आहे. तुमच्याशी म्हणजे नुसते तुमच्याशी नव्हे, तुमच्याआधी त्या खुर्चीत बसलेल्या सगळ्यांशी. नकाशा काढणे अवघड नाही, तो लावणे अवघड आहे. लावला की जमिनीचा भाव पडतो, सनद, म्हणजे शेतजमिनीवर बांधायची परवानगी, देणाऱ्याला सही करताना हात आखडावा लागतो. म्हणून पूर दर वेळी 'अभूतपूर्व' ठरतो आणि पंचनामा दर वेळी तोच. यंदाच्या पंचनाम्यात माझी मोटर बसली नाही, कारण गिरण 'घर' नाही. आमच्या पूर्वजांनी ना यंत्र ना उपग्रह, खाजनांना, म्हणजे भरतीच्या पाण्याकाठच्या सखल शेतांना, बांध घातले, बांधातल्या मानशींची (पाणी सोडायच्या झडपांची) दारे अशी बसवली की भरतीला आपोआप मिटावीत आणि ओहोटीला उघडावीत. २०११ च्या किनारी अधिसूचनेत लिहिले आहे की खाजनात बांधकाम नको. लिहिलेले वाचायची पद्धत आपल्याकडे कमीच.

नकाशा लावा. तो लागेपर्यंत त्या पट्ट्यात एकही सनद देऊ नका. भराव काढायला लावा. मोटरचे मी बघतो, वायंडिंगला दिली आहे.

आपला,
एक गिरणवाला

ता. क. माणसे पाठवणार असाल तर ओहोटी बघून पाठवा. भरतीला आमचा साकव पाण्याखाली असतो.