निळी टिकली कापून टाकू नका

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा वळीव झाला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर पाच जण बसलेले, कुणाचा सेट टॉप बॉक्स, कुणाचा फ्रिजचा बोर्ड, एकजण तर खानापूरकडनं बोअरच्या मोटारीचं पॅनल सिमेंटच्या पिशवीत घालून आलेला. शहापुरात माझं रिपेअरीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली, एप्रिल-मे आला की हे ठरलेलंच, त्याची तक्रार नाही, धंदाच आहे तो. तक्रार ही की त्यातले दोन बोर्ड आधी कुठंतरी रिपेअर झालेले आणि दोन्हीतला एमओव्ही कापूनच टाकलेला!

एमओव्ही म्हणजे झिंक ऑक्साइडची ती निळी गोल टिकली, फ्यूजच्या लगेच पुढं, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवी बसलेली. एरवी ती गप्प असते, व्होल्टेज उसळलं की वाट मोकळी करून सगळा करंट स्वतःतून जाऊ देते, पुढचा बोर्ड वाचतो. फार मोठा दणका बसला की ती शॉर्ट होते आणि फ्यूज उडतो, म्हणजे दोघांनी आपापलं काम केलं. पण आपले मेकॅनिक काय करतात, टिकली कापतात, फ्यूजवर तार गुंडाळतात, सेट चालू, गिऱ्हाईक खूश, पन्नास रुपये कमी घेतले म्हणून आणखी खूश. पुढच्या वळवाला अख्खा बोर्ड कोळसा.

बरं जे बसवतात ते तरी बघून बसवतात काय, तर तेही नाही. टिकलीवर आकडा असतो, समजा १४डी४७१के. १४ म्हणजे व्यास मिलीमीटरमध्ये, ४७१ म्हणजे ४७ पुढं एक शून्य, ४७० व्होल्ट, के म्हणजे दहा टक्के इकडंतिकडं. आता हे ४७० बघून माणूस फसतो. टिकलीतून एक मिलिअँपिअर करंट जायला लागतो त्या व्होल्टेजचा आकडा आहे हा, घरच्या लाईनशी जुळवायचा आकडा वेगळा, कायम सोसायचं एसी व्होल्टेज. ३९१ ला ते २५०, ४३१ ला २७५, ४७१ ला ३००, ५११ ला ३२०. लाईन २३० ची म्हणून कुणी ३९१ टाकतो, पण खेड्यात रात्री पंप बंद झाले की मीटरवर २५०-२५५ दिसतं हे मी स्वतः बघितलंय, मग ती टिकली वीज न पडताच तापत तापत मरते. म्हणून आपल्याकडं ४७१, शेताच्या लाईनला ५११.

मग कुणी म्हणतं अण्णा सेफ्टीला ६२१ च टाका की. नको! आकडा वाढला तशी आत सुटणारी उसळीपण वाढते. १४ मिलीमीटरची ४७१ पन्नास अँपिअरला पावणेआठशेच्या आसपास व्होल्ट पुढं जाऊ देते, मागं सहाशे-साडेसहाशे व्होल्टचा मॉसफेट, म्हणजे स्विचिंगचा ट्रान्झिस्टर, बसलाय, त्याला तेवढंच जड, तिथं ६२१ टाकली तर टिकली शाबूत आणि मॉसफेट गेला. थ्री फेज पॅनलमध्ये फेज ते फेज ४१५ असतात, तिथं मात्र ८२१ लागते, ती ५१० सोसते. परवाच्या पॅनलात ४७१ बसवलेली, बसवणाऱ्याला नमस्कार.

व्यासावर तर लोक हमखास पैसे वाचवतात. सात मिलीमीटरची एकदा साधारण १२०० अँपिअरचा धक्का घेते, चौदाची ४५०० चा, तोही काही मायक्रोसेकंदांचाच. प्रत्येक धक्क्याला ती थोडी थोडी झिजते. बाजारातले स्वस्त स्पाईक गार्ड मी उघडून बघितलेत, कशात सातची एकच, कशात नुसता लाल दिवा.

आयटीआयहून नवीन आलेल्या पोरांना एक सांगतो, एनटीसी, म्हणजे सेट चालू करतानाचा करंटचा झटका अडवणारा पार्ट, तोपण अशीच टिकली दिसतो, त्यावर ५डी-९ असं काहीतरी असतं, तिथला ५ म्हणजे ओहम, ती लाईनमध्ये सरळ बसते, आडवी नाही. पाच ओहमची टिकली फेज-न्यूट्रलमध्ये आडवी टाकली की काय होतं ते माझ्या दुकानाच्या छताला विचारा, काळा डाग अजून आहे.

सीसीटीव्हीवाल्यांचं वेगळं. तिथं उसळी लाईनीतनं कमी आणि लांब ओढलेल्या केबलीतनं जास्त येते. बारा व्होल्टला टीव्हीएस, म्हणजे उसळी खाणारा डायोड, लावा, पण नंबर नीट वाचा, एसएमबीजे १२ मधला १२ हा सोसायचा व्होल्टेज आहे आणि पी६केई १८ मधला १८ हा फुटायचा, म्हणजे करंट सोडायला लागायचा, दोन्हीचं गणित वेगळं. बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते, त्यामुळं एसएमबीजे १२ तिथं तापणार, १५ घ्या. उसळी आली की आतल्या गॅसमधनं करंट सोडणारी नळी, जीडीटी म्हणतात ती, फेज-न्यूट्रलवर एकटी कधी लावू नका, एकदा पेटली की लाईनीच्या करंटवर पेटतीच राहते, तिच्यासोबत एमओव्ही सिरीजमध्ये पाहिजे.

टिकलीचे पाय आणि अर्थची वायर आखूड ठेवा. तीन हजार अँपिअर आठ मायक्रोसेकंदात चढला तर मीटरभर वायरवरच तीन-साडेतीनशे व्होल्ट पडतात, मग चांगला एमओव्ही घेऊन उपयोग काय.

आणि गिऱ्हाईकांनो, वाऱ्यानं खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात ३५०-४०० पण येऊ शकतं, आणि तेही सेकंदच्या सेकंद, ते कुठल्याच टिकलीच्या बसची गोष्ट नाही, त्याला ओव्हरव्होल्टेजला लाईन तोडणारा रिले लागतो. वीज घरावरच पडली तर तोही नाही. ढग गडगडायला लागले की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा, नुसता स्विच बंद करून चालत नाही.

शेवटी आपल्या पेपरमधून इथल्या पार्टवाल्यांना एक विनंती, सातच्या टिकल्या बरणीभर ठेवता तशा चौदाच्या ४७१ आणि ८२१ पण ठेवा, परवा मी चार दुकानं फिरलो आणि रिकाम्या हातानं परत आलो, पॅनलवाला अजून वाट बघायलाय.

आपला नेहमीचा वाचक,
एक रिपेअरीवाला, शहापूर, बेळगाव