न्यूट्रॉन ताऱ्याची चकती: आतली कड कुठे आहे?

संपादक महोदय,

न्यूट्रॉन ताऱ्यांवरच्या (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरणाऱ्या अतिघन, फिरत्या गाभ्यांवरच्या) लेखांत एक वाक्य हमखास असते: तारा चुंबकीय उत्सर्जनामुळे मंदावतो आणि मंदावण्याच्या दरावरून त्याचे वय काढतात. पण अतिनवताऱ्याच्या स्फोटात उडालेला, तरी निसटू न शकलेला राडारोडा चकती होऊन भोवती फिरत असेल, तर हा हिशेब कोलमडू शकतो. मात्र चकती आहे का, एवढे विचारून भागत नाही. तिची आतली कड कुठे आहे, ते पाहावे लागते.

सेकंदाला एक फेरी मारणारा, सूर्याच्या 1.4 पट वस्तुमानाचा तारा घ्या. केंद्रापासून सुमारे 1,700 किलोमीटरवरचे द्रव्यही सेकंदाला एकच फेरी मारते. कड याच्या आत असली की द्रव्य ताऱ्यावर कोसळते, क्ष-किरण निघतात, ताऱ्याची गिरकी वाढते. कड बाहेर असली की फिरते चुंबकीय क्षेत्र द्रव्याला भिरकावून देते, कोनीय संवेग (ताऱ्याच्या फिरण्याचा जोर) त्याच्याबरोबर जातो आणि तारा झपाट्याने मंदावतो. ही प्रोपेलर अवस्था. तिची हद्द सुमारे 47,700 किलोमीटर, कारण तिथे ताऱ्याबरोबर फिरायला क्षेत्ररेषांना प्रकाशाचा वेग लागेल. त्यापलीकडची चकती नुसती तापते, ब्रेक लावत नाही. शिवाय चकती विरळ होत जाते तशी कड बाहेर सरकते. आज मोकळा दिसणारा तारा पूर्वी तिच्या तावडीत असू शकतो.

2006 मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने 4यू 0142+61 या मॅग्नेटारभोवती (अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती) धुळीची चकती दाखवली. त्याचा आवर्तकाल (एका फेरीचा वेळ) 8.7 सेकंद, म्हणजे हद्द सव्वाचार लाख किलोमीटरच्या आत. धुळीची कड प्रारूपानुसार 20 लाख किलोमीटरवर. ‘हीच धूळ ताऱ्याला रोखते’ म्हणणे त्यामुळे घाईचे. आत वायूची चकती आहे हे वेगळे सिद्ध करावे लागेल.

निव्वळ चुंबकीय उत्सर्जनासाठी ब्रेकिंग इंडेक्स (मंदावण्याचा दर फिरण्याच्या वेगाबरोबर कसा बदलतो ते सांगणारा आकडा) 3 हवा. क्रॅब या न्यूट्रॉन ताऱ्याचा 2.5 आहे, वेला या दुसऱ्याचा 1.4. (याला चकतीच कारण असे नाही, कणांचा वाराही पुरतो.)

खरी पंचाईत आरसीडब्ल्यू 103 या अतिनवताऱ्याच्या अवशेषातल्या न्यूट्रॉन ताऱ्याची. अवशेषाचे वय दोनेक हजार वर्षे, ताऱ्याचा आवर्तकाल 6.67 तास, म्हणजे सुमारे 24,000 सेकंद. चुंबकीय क्षेत्र 10 कोटी कोटी गॉस (गॉस हे क्षेत्राचे एकक) धरले, तरी नुसत्या चुंबकीय उत्सर्जनाने एवढ्या काळात आवर्तकाल 11 सेकंदांपर्यंतच पोचतो. क्षेत्र दहापट केले, तर 110. म्हणून इथे चकतीसारखा दुसरा ब्रेक शोधावा लागतो.

– खगोलशास्त्राचे अभ्यासक