खुले पत्र: बिल २८,६००, तक्रार दिवाणी

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार. काल पोलीस ठाण्यातून फोन आला. माझी तक्रार 'दिवाणी स्वरूपाची' ठरवून निकाली काढली आहे म्हणे. म्हणून आपल्याला त्रास देतोय.

डेटिंग अ‍ॅपवर एका बाईंशी ओळख झाली. प्रोफाइलवर निळी खूण होती, म्हणजे चेहरा तपासलेला. जागा त्यांनीच सुचवली, अंधेरीतला एक बार. मेन्यू कार्ड मागितलं तर वेटर म्हणाला, "मॅडमना माहीत आहे, सर." मॅडमना खरंच माहीत होतं. कॉकटेल, एनर्जी ड्रिंक, पुन्हा कॉकटेल. मग आईचा फोन आला म्हणून खाली गेल्या त्या गेल्याच. बिल २८,६०० रुपये, त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज! कार्ड स्वाइप होईपर्यंत एक बाउन्सर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा होता.

घरी पोचेपर्यंत बाईंनी मला अनमॅच केलं होतं, म्हणजे अ‍ॅपवरची जोडणीच तोडली होती. सगळं चॅट गायब, म्हणजे पुरावाही गायब. अ‍ॅपवाल्यांचं उत्तर आलं, 'तुमची सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' ठाण्यातले हवालदार हसून म्हणाले, "साहेब, या वयात गेलात कशाला?" वय बेचाळीस. डोंबिवलीत वन बीएचके, त्याचा हप्ता, घरात गुडघ्यांनी अधू झालेली आई. मला स्थळं कोण आणतंय, हवालदार?

२०१६ साली केंद्रानं विवाहजुळणीच्या संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या. ओळखपत्र घ्या, आयपी पत्ता नोंदवा, आणि हे डेटिंगसाठी नाही असं स्पष्ट सांगा. छान. लग्नाळू माणसाला कागदावर तरी संरक्षण. नुसतं भेटू पाहणारा गेला उडत. २०२१ च्या आयटी नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची, खातं बंद झालं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस जपायची, असं आहे. जपतीलही. पण ती मागायला कुणी जाणार आहे का? आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा, आणि आमचे निरीक्षक कायम बंदोबस्तात.

मागणं फार नाही. तक्रारदाराला त्याचं चॅट मिळावं. एकाच बारचं नाव तक्रारींत पुन्हा पुन्हा येत असेल तर अ‍ॅपनं आपणहून पोलिसांना कळवावं. अवघड आहे म्हणू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवरच्या बंदीचं विधेयक तुम्ही दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून काढलंत. मनात आलं की सगळं जमतं.

आमचं राज्य सरकार तर धन्यच. २०२२ मध्ये वसईच्या मुलीची दिल्लीत हत्या उघड झाली. तिची नि आरोपीची ओळख अशाच अ‍ॅपवरची. त्यानंतर महिनाभरात समिती नेमली ती कशासाठी? आंतरधर्मीय लग्नं केलेल्यांची माहिती गोळा करायला! आम्ही कुणाशी लग्न करतो यात सरकारला भलताच रस. आम्हाला लुटलं कुणी, हे मात्र दिवाणी.

माझ्या १८० दिवसांतले बरेच संपलेत. 'सदर अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात येत आहे' एवढंच कळवणार असाल तर राहू द्या. तसलं एक पत्र माझ्याकडे आधीच आहे.

आपला,
एक अविवाहित करदाता
डोंबिवली (पूर्व)