राणीची दाढी अजून व्हायची आहे

प्रिय बाबल,

तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत. पुढे.

तुझ्या नाटककंपनीच्या मालकांनी यंदा स्त्रीपार्टाला मुलगी घेतली, तुला राजपार्ट देऊ केला आणि तू पेटी उचलून सरळ घरी आलास, हे भाच्याकडून कळलं. तेव्हापासून डोक्यात तूच आहेस. त्यात याच आठवड्यात वर्गात इंग्लंडच्या राजाचं, दुसऱ्या चार्ल्सचं लंडन शिकवायला आलं. बापाचं डोकं उडवलेलं, मुलगा १६६० मध्ये परत येऊन गादीवर बसला. पार्लमेंटने १६४२ साली बंद केलेली नाटकं पुन्हा उघडली. राजाने नाटककंपनीचे परवाने दिले दोघांनाच, किलिग्रू आणि डॅव्हनंट. पण स्त्रीपार्टाला पोरं आणणार कुठून? पूर्वी ती जाणत्या नटाच्या हाताखाली वाढायची. अठरा वर्षांत ती वाटच मोडली, आणि जुन्यांतले जे उरले ते चाळिशीपार. त्याच डिसेंबरात ‘ऑथेल्लो’त बाई उभी राहिली, धंदेवाईक रंगभूमीवरची पहिली असं मानतात. तेव्हाच्या प्रास्ताविकात म्हटलंय, हाक मारावी नायिकेला, डेस्डेमोनाला, आणि आत यावा राक्षस! आपले अण्णा द्रौपदी करायचे ते आठवलं ना?

एक पोरगा मात्र खरा होता, एडवर्ड किनॅस्टन. पीप्स म्हणून एक सरकारी अधिकारी रोजनिशी लिहायचा. त्याने ऑगस्टमध्ये याला पाहिलं आणि लिहिलं, इतकी देखणी बाई आयुष्यात पाहिली नाही, आवाज तेवढा बरा नाही. (आवाजाबद्दल तू काही बोलू नकोस.) सिबर नावाच्या नटाने पुढे एक किस्सा लिहून ठेवलाय. राजा नाटकाला लवकर येऊन बसला, पडदा उघडेना. विचारणा झाली तेव्हा उत्तर आलं, महाराज, राणीची दाढी अजून व्हायची आहे.

वर्ग खदखदून हसला. मला देवळामागचा तू दिसलास. कंदिलाला टेकवलेला आरसा, गालावर साबण, कपाळावर आधीच रेखलेली चंद्रकोर, आणि तिकडे मृदंगावर थाप पडलेली.

१६६२ च्या परवान्यात स्त्रीपार्ट बायकांनी करायला मुभा आली. ते योग्यच झालं. कुडाळ स्टेशनवर यावरूनच आपलं वाजलं होतं, ‘तू खंयचो शाणो’ म्हणून तू तोंड फिरवून गाडीत चढलास. माझं मत आजही तेच आहे, त्या मुलीला तिची जागा मिळू दे. पण तुझी जागा गेली असं मी म्हणालो नव्हतो रे, तेव्हाही नाही.

किनॅस्टन घरी बसला नाही. राजे करायला लागला. १६७५ मध्ये ड्रायडन या नाटककाराचं ‘औरंगझेब’ आलं, आदल्याच वर्षी रायगडावर राज्याभिषेक झालेला आणि खरा औरंगजेब दिल्लीच्या तख्तावर. त्यात हा मोरात, म्हणजे औरंगजेबाचा भाऊ मुराद. सिबरने त्याला त्या भूमिकेत पाहिलं आणि सिंहासारखा रुबाब म्हणून लिहिलं. शिवाय असंही, की त्याच्या चालण्यातलं ते भारदस्तपण लहानपणी स्त्रीपार्टात बांधून घेतलेल्या पावलातून आलं असं लोक म्हणत.

बाबल, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. तुझं तारामतीचं ते पाऊल, टाच आधी न टेकवता सरकत येणारं, मी कुठल्या राजपार्ट्याकडे पाहिलेलं नाही. आपले राजे तलवार आपटत येतात. तुझा हरिश्चंद्र तसा येणार नाही. स्मशानातली तारामती तू आतून जाणतोस, तिच्यासमोर उभं राहायला तुझ्याहून दुसरा कोण आहे? आणि त्या मुलीला पदर कसा धरायचा ते दाखवणार कोण? मालक?

काकींचे गुडघे कसे आहेत? चिंगीला पॉलिटेक्निकला घातलंस ते छान केलंस. काजूचे पैसे आले का?

शिवरात्रीला कुणकेश्वराला येतोय. त्याआधी मालकांकडे जा. रागावला असशील तर फोनवर शिव्या घाल, पण जा.

तुझा,
दिग्या