ठकीचे श्वास मोजणाऱ्या डॉक्टरांना

खानापूर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण भाजीच्या बुट्टीतनं बेळगावला आणलेली माझी काळी-पांढरी मांजर, ठकी, तुमच्या लक्षात असेल.

भर पावसात ती परसातल्या फणसावरनं पडली. तेव्हापासून खाणं निम्मं, धाप दुप्पट. तुमच्याआधी दोघांना दाखवलं. एकाने सर्दी म्हणून इंजेक्शन टोचलं. दुसऱ्याने दमा ठरवला आणि तिला टेबलावर बळंच आडवी दाबून धरली, तोंड वासून जीभ निळी पडेस्तोवर. वर "मांजरच आहे, दुसरं पाळा." फणसावरनं पडल्याचं मी दोघांनाही सांगितलं होतं. ऐकण्याची वेगळी फी नसते, म्हणून बहुतेक ऐकलं नाही.

तुम्ही आधी पंखा बंद केलात. मग खुर्ची सोडून बुट्टीसमोर फरशीवर मांडी घातलीत आणि मनगटावरच्या घड्याळात बघत तिचे श्वास मोजलेत. अख्खं मिनिट. बाहेर पाच-सहा जण खोळंबलेले, एक कुत्रं केकाटतंय, आणि तुमचा हात तिला लागलेला नाही. ६४ भरले. निवांत बसलेल्या मांजराचे तिसाच्या आत असतात, म्हणालात. मग मला विचारलंत, "अक्का, ही कोपरं फाकून बसते काय? कुशीवर झोपत नाही काय?" महिनाभर मी तेच बघत होते. विचारलं मात्र तुम्हीच.

पोट हाताला रिकामं लागत होतं. स्टेथोस्कोप तुम्ही माझ्याच कानाला लावलात: छातीत ठोके लांबनं आल्यासारखे, आणि मध्येच गुडगुड. आतड्याची गुडगुड, छातीत! एक्स-रेसुद्धा उताणी न पाडता, पोटावर बसवूनच काढलात. छाती-पोटामधल्या पडद्याची रेघ अर्ध्यात पुसलेली, आणि तिच्या वर हवेनं फुगलेली आतडी. पडताना पडदा फाटला होता. पोटातलं वर सरकलं आणि फुप्फुसांना फुगायला जागाच उरली नाही.

ऑपरेशनचं काय लिहू? मी बाहेर बाकावर होते. आत पिशवी दाबून दाबून तिच्या वाटचा श्वास कुणीतरी घेत होतं, एवढं नंतर कळलं.

आमच्या भागात पाटी कुठल्या अक्षरात लावायची यावरनं डोकी तापतात. तुमचं मराठी कन्नड वळणाचं, माझं कन्नड बाजारापुरतं. तुम्ही ठकीला कन्नडात "बा, बा", म्हणजे ये, ये, म्हणत होता आणि जन्मभर मराठीत ओरडा खाल्लेली ती कान टवकारून तुमच्याकडे बघत होती. अशी माणसं आहेत म्हणून या गावांचं बरं चाललंय.

कुंद्याचा डबा तुम्ही तिथल्या तिथं कंपाउंडरच्या हातात दिलात, ते मी पाहिलं. पुढच्या वेळी दोन आणते.

काल दुपारी ठकी उंबऱ्यात कुशीवर पसरून झोपली होती. पंखा बंद करून मी घड्याळ घेऊन शेजारी बसले. २२.

तुमची,
ठकीची अक्का