बाबांच्या साठीचं कार्ड

लीड्स,
३० नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. आई, तू दिलेली लोकरीची बंडी रोज आतून घालते, थंडीची काळजी करू नकोस. जेवणाखाण्याचं, ड्युटीचं फोनवर बोलतोच, ते परत लिहीत नाही.

परवा 'हीट गन' ऐकून तू घाबरलीस. अगं, बंदूक नव्हे ती! गरम हवेचं यंत्र आहे. केस वाळवायच्या ड्रायरपेक्षा कितीतरी गरम, पण झोत कमी, म्हणून कार्डावर टाकलेली सोनेरी पावडर उडत नाही. आणि ते मी विकत घेतलेलं नाही, वाचनालयात शनिवारी कार्डं करायला बसतो त्या गटाचं आहे. पैसे उडवत नाहीये मी.

इथल्या लोकांचं हे कार्डांचं प्रकरण मात्र नीट सांगायला हवं. वाढदिवस, ख्रिसमस ठीक आहे. पण गाडीची परीक्षा पास झालात, कार्ड. घर बदललंत, कार्ड. आमच्या वॉर्डातल्या एकीचा कुत्रा गेला, तर तिला सहा कार्डं आली. रोज शेजारी बसणारी माणसंसुद्धा एकमेकांना बंद पाकिटात देतात. आत छापील ओळ आणि खाली नुसतं नाव. वाचून कपाटात ठेवायचं नाही, खिडकीत उभं करायचं. कुणी नोकरी सोडून निघालं की भलंमोठं कार्ड त्याच्या नकळत हातोहात फिरतं आणि सगळे सह्या करतात. गट चालवणाऱ्या आजींनी सांगितलं, १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जायला लागलं, तिथून हे वाढलं. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन पहिलं ख्रिसमस कार्ड छापलं, एक शिलिंगला एक. मला आधी वाटायचं, तोंडाने बोलायचं सोडून हे काय? आता माझ्या खिडकीतही अकरा उभी आहेत, आणि कामावरून आले की आधी तिकडेच बघते.

बाबा, सोबतचं कार्ड तुमच्या साठीचं. त्यावरचं आभाळ मळ्यातलं आहे, दिवस बुडतानाचं. स्पंजचा तुकडा शाईच्या पॅडवर टेकवायचा, आधी रद्दी कागदावर हलका करायचा आणि मग कडेकडून आत गोल फिरवायचा. पिवळा आधी, मग नारिंगी, कडेला जांभळा. घाई केली की डाग पडतो. माझी तीन कार्डं वाया गेली, कारण शाई ओली असतानाच पावडर टाकली आणि ती सगळ्या आभाळाला चिकटली. आता रंग पूर्ण वाळू देते, वर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवते आणि मग हळू वाळणाऱ्या शाईच्या पेनाने अक्षरं काढते. त्यावर सोनेरी पावडर टाकून उरलेली झटकून परत डबीत. तोवर ती नुसती रवाळ, मळकट दिसते. गरम हवा लागली की एका टोकाकडून वितळते आणि ओली झाल्यासारखी चकाकत पुढे सरकते. तिथून यंत्र लगेच हलवायचं, नाहीतर कागद वाकतो. गार झाली की अक्षरं वर उठून येतात.

बाबांच्या साठीच्या शांतीला मी नसणार. रजा मागितली होती, जानेवारीत मिळाली नाही. आई, 'तुला यायचंच नाही' असं फोनवर म्हणालीस ते मनाला लागलं. तसं नाही गं. एप्रिलची रजा मंजूर झाली आहे, नक्की येते. मामांना तसं सांग.

बाबांच्या मोतीबिंदूसाठी साठ हजार पाठवले आहेत. मिरजेची तारीख पुढे ढकलू नका, शांतीच्या खर्चाकडे तर ते मुळीच वळवू नका, त्याचे वेगळे पाठवते. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे सातच हप्ते राहिलेत.

कोल्हापूरच्या स्थळाचा फोटो मिळाला. मुलगा बरा वाटतो. पण मी इथे अजून दोन वर्षं आहे हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. एप्रिलमध्ये भेटेन, त्याआधी शब्द देऊ नका. रागावू नका.

पाकिटात पुठ्ठा आहे, तरी आई, तूच उघड. बाबा, ऑपरेशन होईपर्यंत डोळ्यांना ताण देऊन वाचू नका. मधोमध बोट फिरवा. पहिलं अक्षर 'बा' आहे, द्राक्षाचा घड खाली उजवीकडे.

तुमची,
मनू