स्कॉटलंडची चळवळ पक्षाच्या जागांवरून मोजू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ब्रिटनच्या राजकारणावर आपल्या दैनिकात जे लिहून येते ते मी आवर्जून वाचते. त्यात स्कॉटलंडचा उल्लेख आला की बहुधा एकच सूर लागतो, तो असा की २०१४ च्या सार्वमतात स्वातंत्र्याचा प्रस्ताव लोकांनी नाकारला, २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेत ४८ खासदार निवडून आणणारी स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टी २०२४ मध्ये ९ वर आली, आणि त्यामुळे हा विषय आता मिटल्यात जमा आहे. आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे असे मला वाटते. २०११ ते २०१५ या काळात नोकरीनिमित्त मी ग्लासगोत राहत होते, आणि आपण ज्या चळवळीला एका पक्षाचे नाव देऊन मोकळे होतो ती चळवळ मी इमारतींच्या जिन्यांवर, शाळांच्या सभागृहांत आणि भर बाजारात मांडलेल्या घडीच्या टेबलांवर उभी राहताना पाहिली आहे.

आधी एक गोष्ट, जी आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. त्या सार्वमतात मला मत होते. माझा पासपोर्ट भारताचा, तरीही स्कॉटलंडमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलातील आणि युरोपीय संघातील नागरिकांना मताधिकार असल्याने मतदाराचे कार्ड माझ्याही दारातून आत पडले. उलट जन्माने स्कॉटिश असलेल्या, पण लंडनला स्थायिक झालेल्या माझ्या एका सहकाऱ्याला मत नव्हते, आणि त्याचे त्याला वाईटही वाटले. स्कॉटलंडचे भवितव्य जे आज स्कॉटलंडमध्ये राहतात त्यांनी ठरवायचे, कुळ आणि जन्मस्थान विचारायचे नाही, हे तत्त्व तिथे ठरून गेले होते. १९९५ मध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने आशियाई स्कॉटिश लोकांची संघटना उभी करणारे बशीर अहमद हे मूळचे अमृतसरला जन्मलेले; २००७ मध्ये ते स्कॉटिश संसदेतील पहिले आशियाई सदस्य झाले. 'राष्ट्रवाद' हा शब्द ऐकताच आपल्या मनात जे चित्र उभे राहते, ते इथे लावण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.

२०१४ च्या उन्हाळ्यातील एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. आमची इमारत ग्लासगोत सर्रास दिसतात तशी जुनी, लालसर दगडाची, चार मजली. सगळ्यांचा मिळून एक जिना, ज्याला तिथले लोक 'क्लोज' म्हणतात. पाऊस पडत होता. दारावर एक निवृत्तीच्या वयाच्या बाई आणि एक कॉलेजातला मुलगा, दोघांच्या छातीवर 'येस'चे निळे बिल्ले, हातात कागद अडकवलेली पाटी. बाईंनी विचारले, "एक म्हणजे मुळीच नको आणि दहा म्हणजे नक्की हवे, तर स्वातंत्र्याबद्दल तुम्ही किती?" मी पाच म्हटले. त्यांनी पाच लिहून घेतले, मला समजवायला लागल्या नाहीत, फक्त एवढेच विचारले की पाचाचे सहा व्हायला काय कळायला हवे. मी म्हटले, चलनाचे काय? त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न एडिनबरोत येऊन, स्वतंत्र स्कॉटलंडला पौंडात भागीदारी मिळणार नाही, असे सांगून गेले होते आणि कामावर जेवणाच्या सुट्टीत त्याचीच चर्चा चाले. बाई म्हणाल्या की या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी आज नाही, वाचून येते. आणि आठवड्याने त्या खरोखरच पुन्हा आल्या, चार पानांच्या छायाप्रती घेऊन, ज्यांतले एक पान त्यांच्याच बाजूच्या विरोधात जाणारे होते. माझे समाधान त्या पानांनी पुरते झाले नाही. परंतु पगार न घेता, ओल्या अंगाने चार मजले पुन्हा चढून एका परक्या भाडेकरणीला उत्तर देण्याची ही निष्ठा मी विसरू शकलेले नाही.

अशी माणसे हजारोंनी होती, आणि त्यांतील अनेक जण कोणत्याही पक्षाचे सदस्य नव्हते. 'येस स्कॉटलंड' ही अधिकृत मोहीम मे २०१२ मध्ये सुरू झाली खरी, पण तिच्याभोवती गावोगावी, पेठापेठांत जे गट उभे राहिले ते आपापल्या बुद्धीने चालत. 'रॅडिकल इंडिपेंडन्स कॅम्पेन'चे कार्यकर्ते मुद्दाम महापालिकेच्या जुन्या गृहवसाहतींत जात, जिथे वर्षानुवर्षे कोणत्याही पक्षाचे माणूस फिरकले नव्हते. 'नॅशनल कलेक्टिव्ह'मध्ये लेखक, चित्रकार, गायक होते. 'विमेन फॉर इंडिपेंडन्स'च्या बैठका चहाच्या टेबलाभोवती होत. जनमत चाचण्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया स्वातंत्र्याबाबत अधिक साशंक दिसत होत्या आणि त्या शंका मोकळेपणाने बोलता याव्यात हाच या बैठकांचा हेतू होता. मी अशा दोन बैठकांना गेले. भाषण असे कोणी केलेच नाही. निवृत्तिवेतन, पाळणाघराचा खर्च, क्लाइड नदीच्या मुखाजवळ फासलेनच्या तळावर ठेवलेल्या अण्वस्त्रधारी पाणबुड्या, अशा गोष्टींवर बायका एकमेकींना प्रश्न विचारत होत्या.

या कामाचे मोल मतदार यादीत दिसले. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८९ मध्ये डोईपट्टी लादली, ती इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडवर. ती चुकवण्यासाठी असंख्य गरीब लोकांनी यादीतून नावच काढून घेतले होते, आणि कर रद्द होऊन दोन दशके उलटली तरी त्यांतले कित्येक परतले नव्हते. कार्यकर्त्यांनी घरोघरी अर्ज नेऊन ते भरून घेतले. यादीतील मतदारांची संख्या जवळपास ४२ लाख ८३ हजारांवर गेली. सार्वमतानंतर काही स्थानिक परिषदांना या नव्या यादीवरून जुन्या डोईपट्टीची थकबाकी वसूल करण्याची कल्पना सुचली. तेव्हा स्कॉटिश संसदेला २०१५ मध्ये कायदा करून ती वसुली कायमची बंद करावी लागली. पंचवीस वर्षे मतपेटीपासून लांब राहिलेला माणूस परत आला की त्याच्या मागे वसुलीदार लावावा, असे कोणाच्या मनात यावे याचे मला आजही वैषम्य वाटते.

दुसऱ्या बाजूविषयीही लिहिले पाहिजे, कारण तेही सामान्य लोकच होते. मजूर पक्षाचे जिम मर्फी आयर्न ब्रू या स्कॉटिश शीतपेयाचे दोन क्रेट उलटे ठेवून त्यांवर उभे राहत आणि गावोगावच्या रस्त्यांवर ब्रिटनच्या बाजूने बोलत. कर्कॉल्डी इथे त्यांच्यावर अंडी फेकली गेली आणि काही दिवस त्यांना दौरा थांबवावा लागला. हे निंद्यच होते. माझ्या शेजारच्या आजी 'नाही'च्या बाजूच्या होत्या. अख्ख्या रस्त्यावर खिडक्यांत 'येस'ची पत्रके असताना त्यांनी आपल्या खिडकीत काही लावले नाही, आणि का नाही हे मला दबक्या आवाजात सांगितले. चळवळीचा उत्साह ज्यांच्या अंगावर येतो त्यांना काय वाटते, हे आतल्या लोकांना कळत नाही. तेव्हाही कळले नाही.

१८ सप्टेंबर २०१४ ला मतदान झाले. शाळेचे सभागृह, दोरीला बांधलेली पेन्सिल, एका वाक्याचा प्रश्न: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? बोटाला शाई नाही, ओळखपत्र कोणी मागितले नाही. १६ आणि १७ वर्षांची मुले गणवेशातच रांगेत होती, कारण हा अधिकार त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता. ८४.६ टक्के मतदान झाले. तीनच वर्षांपूर्वी स्कॉटिश संसदेच्या निवडणुकीत ते जेमतेम ५० टक्के होते. 'नाही'ला २० लाख १ हजार ९२६ आणि 'हो'ला १६ लाख १७ हजार ९८९ मते पडली. डंडी, ग्लासगो, वेस्ट डनबार्टनशर आणि नॉर्थ लॅनर्कशर या चारच भागांत 'हो' पुढे होते, आणि चारही ठिकाणी जुने उद्योग बुडालेल्या कामगार वस्त्या मोठ्या आहेत. माझे मत 'हो'ला होते, हे लपवण्याचे कारण नाही.

निकालानंतर पहिल्या रात्री ग्लासगोच्या जॉर्ज चौकात ब्रिटनवाद्यांच्या जमावाने दंगा केला, त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. त्यानंतर त्याच चौकात 'हो'वाल्यांनी गरजूंच्या अन्नपेढीसाठी शिधा जमवला, तो कोणी फारसा छापला नाही. पास्त्याची पाकिटे, सूपचे डबे, लहान मुलांचे लंगोट, चहाच्या पुड्या यांचा ढीग फरसबंदीवर वाढत गेला होता. मी तांदळाची पिशवी ठेवून आले. माझ्यापुढे एक मुलगी रडत रडतच डबे रचून ठेवत होती.

यापुढची चूक, माझ्या मते, चळवळीनेच केली. मतदानाच्या दिवशी जेमतेम २५ हजार सदस्य असलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीकडे लोकांची रीघ लागली आणि मार्च २०१५ पर्यंत सदस्यसंख्या १ लाखाच्या पुढे गेली. मे महिन्यात ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा तिला मिळाल्या. पण जे गट स्वतः विचार करून हिंडत होते त्यांतले पुष्कळ जण आता नेत्यांच्या पुढच्या घोषणेची वाट पाहू लागले, आणि पक्षाचे यशापयश म्हणजेच चळवळीचे यशापयश असे समीकरण तिथल्या आणि मग इथल्याही वार्ताहरांच्या डोक्यात बसले.

या समीकरणाला इतिहासाचा आधार नाही. १९४९ मध्ये जॉन मॅकॉर्मिक यांच्या पुढाकाराने स्कॉटलंडसाठी ब्रिटनअंतर्गत स्वतंत्र संसद मागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावर सुमारे २० लाख सह्या झाल्याचे सांगितले जाते, तेही लोकसंख्या साधारण ५१ लाख असताना. लंडनच्या सरकारने त्याची दखल घेतली नाही. १९७९ च्या सार्वमतात स्कॉटिश विधानसभेच्या (असेंब्लीच्या) बाजूने ५१.६ टक्के मते पडली, तरी यादीतील एकूण मतदारांच्या ४० टक्के पाठिंबा हवा, अशी अट आधीच घातलेली असल्याने बहुमत वाया गेले. मेलेला पण यादीतून न वगळलेला माणूसही त्या हिशेबात विरोधकच ठरला. १९८९ मध्ये मजूर आणि उदारमतवादी खासदार, चर्च, कामगार संघटना आणि स्थानिक परिषदा यांनी एकत्र येऊन, आपल्याला साजेशी राज्यव्यवस्था ठरवण्याचा सार्वभौम अधिकार स्कॉटलंडच्या जनतेचा आहे, या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि स्कॉटिश नॅशनल पार्टी या मंडळींच्या घटना परिषदेतून बाहेर राहिली होती. एडिनबरोत कॅल्टन टेकडीच्या पायथ्याशी तर एप्रिल १९९२ पासून सप्टेंबर १९९७ पर्यंत, १,९८० दिवस, माणसांनी आळीपाळीने शेगडी पेटती ठेवून पहारा दिला, आणि १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतांनी संसद मंजूर झाल्यावरच तो उठवला. त्या टेकडीवर आता त्या पहाऱ्याच्या आठवणीचा दगडांचा एक मनोरा आहे. मी तो पाहायला गेले तेव्हा वाऱ्याने उभे राहवत नव्हते, आणि तिथे रात्रभर बसायचे म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख ॲलेक्स सॅमंड यांनी एडिनबरोत करार केला म्हणून २०१४ चे सार्वमत विनावाद झाले. 'पिढीतून एकदा येणारी संधी' असे सॅमंड तेव्हा म्हणाले होते आणि विरोधक ते शब्द आजही पुढे करतात, ते अगदीच अवाजवी नाही. पण २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला, ३२ पैकी एकही भाग त्याला अपवाद नव्हता, तरी स्कॉटलंडला बाहेर पडावे लागले. परिस्थिती बदलली हे कोणालाही मान्य व्हावे. २०२१ मध्ये स्कॉटिश संसदेच्या १२९ पैकी ७२ जागा स्वातंत्र्यवादी पक्षांना मिळाल्या. तरीही २३ नोव्हेंबर २०२२ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधील ब्रिटिश संसदेच्या, संमतीशिवाय स्कॉटिश संसद सार्वमताचा कायदा करू शकत नाही. निकाल कायद्याला धरून आहे. पण उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या करारात सार्वमत कधी घ्यायचे याची वाट लिहून ठेवली आहे, तशी स्कॉटलंडसाठी कुठेही नाही. हे ऐच्छिक मीलन आहे असे म्हणणाऱ्यांनी ती वाट दाखवायला हवी. त्याच संध्याकाळी एडिनबरोत संसदेबाहेर लोक जमले, आणि मोर्चे त्यानंतरही निघत राहिले.

आपल्याकडे या विषयाला 'फुटीरतावाद' म्हणण्याची सवय आहे. १७०७ चे मीलन हा दोन राज्यांमधला तह होता, लोकांनी सह्यांनी, पहाऱ्याने आणि मतपत्रिकेने त्याचा फेरविचार मागितला आणि सार्वमत हरल्यावर निकाल मानला. या सगळ्याला तो शब्द शोभत नाही.

माझी विनंती इतकीच आहे. यापुढे स्कॉटलंडमधील निवडणुकीचे निकाल छापताना पक्षांच्या जागांच्या शेजारी स्वातंत्र्याविषयीच्या जनमत चाचण्यांचे आकडेही द्यावेत. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या २०२४ च्या पराभवानंतरही अशा बहुतेक चाचण्यांत स्वातंत्र्याच्या बाजूचा हिस्सा चाळिशीच्या वरच राहिला आहे, आणि त्यातले बरेच मतदार आता त्या पक्षाला मत देत नाहीत.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज